भिजवलेले बदाम आणि चाळीस फेऱ्या

१ सप्टेंबर २०२५, सोमवार

ही डायरी खडकीच्या शंभूमामाने दिलेली. त्याच्या कारखान्याच्या पतपेढीची आहे आणि २०२२ सालची आहे. मामा म्हणाला, कागद चांगलाय, वार काय, दर वर्षी बदलतातच. म्हणून मी छापील तारीख खोडून वर नवी लिहितेय.

तर मी, पूर्णिमा हिंमतराव पोकळे, राहणार धायरी, आजपासून विमान चालवते.

हे वाक्य तीनदा लिहून दोनदा खोडलं. शाई जातेय, पण लिहिताना पोटात गुदगुल्या होतात त्याला काय करू? चार वर्षं लायसन्स कपाटात आणि मी सह्यगिरी एअर कार्गोच्या टेबलावर. कुठला खोका विमानात कुठे ठेवायचा याचे तक्ते भरत होते. आता कंपनीने एक संधी दिलीय. कॅप्टन इंद्रजीत लेले यांच्या शेजारी चाळीस फेऱ्या. शेवटी त्यांनी सही केली तर मी पक्की को-पायलट, नाही केली तर परत टेबल. दुसरी संधी या कंपनीत आजवर कुणाला मिळालेली नाही.

लेले सरांचं पहिलं वाक्य: "पोकळे, वजन किती?"

"छप्पन किलो, सर."

"डब्यासकट?"

डबा धरला नव्हता. आमच्याकडे लोडिंग बघणारे नागोराव आहेत, त्यांनी डबा काट्यावर ठेवला. दोन किलो शंभर ग्रॅम. सर म्हणाले, "आईंना सांगा, विमान जळगावला चाललंय, लंकेला नाही."

पण उडालो. ढगांच्या वर ऊन होतं. मी हाताने तोंड दाबून धरलं होतं, नाहीतर मोठ्याने हसले असते. जळगाव एका तासात आलं. परतल्यावर लोहगावहून धायरीला स्कूटरने दोन तास, त्यातला पाऊण नुसता नवले पुलापाशी.

अण्णांना विमानाचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट बघितला. "एकच पंखा? आपल्या बैठकीत तरी दोन हायत."

३ सप्टेंबर, बुधवार

फेरी पाचवी आणि सहावी. आज नांदेड. मागे औषधं आणि कुणाच्या तरी लग्नपत्रिकांचे सोळा गठ्ठे.

एक गोष्ट लिहून ठेवते, कुणाला सांगायची नाही. निघण्याआधी उंची दाखवणाऱ्या घड्याळात त्या दिवशीच्या हवेच्या दाबाचा आकडा लावावा लागतो. सरांनी कालचाच ठेवला. टॉवरने नवा आकडा सांगितला, सरांनी तो मोठ्याने परत म्हणूनही दाखवला, पण लावला नाही. मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. काय बघत होते कोण जाणे, बाहेर फक्त एक ट्रॅक्टर उभा होता.

मी हळूच हात लांब करून त्यांच्या घड्याळाचा आकडा बरोबर केला. त्यांना कळलंसुद्धा नाही. उतरल्यावर खिशातून लाल वही काढून काहीतरी लिहीत होते. विसरायला होत असेल म्हणून लिहून ठेवत असतील बिचारे. अठ्ठावन्न वर्षांचे आहेत.

९ सप्टेंबर, मंगळवार

शनिवारी विसर्जन, रस्ते बंद, सुट्टी. रविवारी झोपले. काल आणि आज मिळून चार फेऱ्या.

सरांचं खरंच काहीतरी होतंय. काल उतरताना "फ्लॅप वीस" असं खणखणीत म्हणाले आणि पंखाच्या झडपांचा दांडा दहावरच ठेवला. मी करंगळीने वीसवर ढकलला. आज जळगावला निघालो आणि सर समोर नांदेडच्या रस्त्याचा कागद लावून बसले. मी कागद बदलला, जुना मांडीखाली सरकवला आणि काही झालंच नाही असा चेहरा केला. आवाज नाही, बोभाटा नाही. स्वतःचंच कौतुक वाटलं.

हे मी घरी शिकले. आमच्याकडे मोठ्यांची चूक निस्तरतात, बोलून दाखवत नाहीत. अण्णा सकाळी पाण्याची मोटर लावतात आणि विसरतात. आई बिनबोभाट जाऊन बंद करते. एकतीस वर्षं अण्णांची अशी समजूत आहे की टाकी भरली की आपली मोटर आपोआप बंद होते. पाहुण्यांना कौतुकाने सांगतात, कंपनी चांगली हाय.

आईला सरांचं सांगितलं. ती म्हणाली, बदाम दे. रात्री भिजवायचे, सकाळी सोलायचे, सात द्यायचे.

१० सप्टेंबर, बुधवार

बदाम दिले.

"हे काय?"

"बदाम, सर. भिजवलेले."

"मी आजारी दिसतो का?"

"नाही, सर. सहज."

सरांनी माझ्याकडे बघितलं, मग डबीकडे बघितलं आणि सातही खाल्ले. लाल वहीत लगेच काहीतरी लिहिलं.

माझी ट्रेनिंगची फाईल रोज मलाही सहीला येते. रोज एकच शेरा असतो: "काम चोख. बोलत नाहीत." वाचून बरं वाटलं. बडबड्या माणसांचा त्यांना त्रास होतो हे सगळ्यांना माहीत आहे. मी आता आणखी कमी बोलणार.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

मेले.

सकाळी स्कूटर घेऊन धायरी फाट्यावर आले तर चौकात मी. वीस फूट बाय दहा फूट. फ्लेक्स. "धायरीची कन्या, वैमानिक पूर्णिमाताई पोकळे यांचे हार्दिक अभिनंदन." फोटो बारावीच्या ओळखपत्रावरचा, दोन वेण्या. मागे चार इंजिनांचं जंबो विमान. खाली शुभेच्छुक म्हणून अकरा माणसं, त्यातली नऊ मी आयुष्यात पाहिलेली नाहीत. एकाने गॉगल घातलाय आणि तो फोनवर बोलतोय.

अण्णांना म्हटलं, अण्णा, अजून सही व्हायचीय. अण्णा म्हणाले, "व्हतीया की. तू काय पेपर कोरा ठिवणार हायस का?"

चार वर्षं मी ऑफिसात टेबलावर बसते हे अण्णा गावात सांगत नव्हते. "इमानाच्या कंपनीत हाय" एवढंच सांगायचे आणि विषय बदलायचे. काल पहिल्यांदा त्यांनी विषय बदलला नाही. आता मी परत टेबलावर गेले तर तो फ्लेक्स त्यांच्यादेखत उतरवायला लागेल. जळगाव येईपर्यंत डोक्यात हाच विचार होता. उतरताना चाकं इतकी अलगद टेकली की मालाबरोबर आलेल्या नागोरावांना मागून विचारावं लागलं, "उतरलो का जी?" मग फ्लेक्स विसरले.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज मागे तीन हजार कोंबडीची पिल्लं. एक दिवसाची, खोक्यांत भरलेली, नांदेडच्या पोल्ट्रीसाठी. इंजिनाच्या आवाजातूनही चिवचिव ऐकू येते. उंचीवर गेलो की सगळी गप्प होतात आणि खाली यायला लागलो की पुन्हा सुरू. मला सारखं हसू येत होतं. सर म्हणाले, "पोकळे, ती तीन हजार तुमच्यापेक्षा जास्त बोलतात."

मी मान डोलावली.

सरांनी आज तीन चुका केल्या. तिन्ही मी निस्तरल्या. बदाम सातावरून नऊ केले.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. आईचा उपास, अण्णांचा उपास, मोटरचा नाही. फेऱ्या सव्वीस झाल्या.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

तेहेतिसावी फेरी झाल्यावर सर विमानातच बसून राहिले. पंखा थांबला तरी उठेनात. मग म्हणाले, "पोकळे, समजा मी चुकलो. काय कराल?"

मी म्हटलं, "सर, तुम्ही कसे चुकाल?"

त्यांनी डोळे मिटले. "सात फेऱ्या उरल्या. आणि मला अजून तुमचा आवाज ऐकू आलेला नाही."

अरे देवा. म्हणजे ऐकूही कमी येतंय. एवढा चांगला माणूस, चौदा हजार तास उडालेला, आणि कुणाला काही सांगू शकत नाही. मला वाईट वाटलं. परतीच्या फेरीत मी सगळी यादी ओरडून वाचली. इंधन. दारं. दिवे.

"पोकळे, मी बहिरा नाही."

"हो, सर," मी ओरडले.

२९ सप्टेंबर, सोमवार

सोनाली मॅडम ऑपरेशन्स बघतात, म्हणजे माझं जुनं टेबल त्यांच्या हाताखाली. दुपारी त्यांनी चहाला बोलावलं आणि अगदी मायेने सांगितलं, "लेले सर अजून हो म्हणत नाहीयेत गं. तुझी खुर्ची तशीच ठेवलीय. मनाची तयारी असू दे."

मी विचारलं, कशात कमी पडले? त्या म्हणाल्या, "हात छान आहे म्हणतात. बाकी सांगत नाहीत. म्हणतात, सांगून आलं तर काय उपयोग."

म्हणजे काय? मी त्यांच्या चुका निस्तरते, बदाम सोलते, एक शब्द जास्त बोलत नाही. आणखी काय करायचं? नवले पुलावर हेल्मेटच्या आत रडले. काच धुक्याने भरली, पुढचं दिसेना, रिक्षावाला म्हणाला, "ताई, विमान बाजूला घ्या." फ्लेक्समुळे सगळे ओळखतात आता.

मला हे सोडायचं नाहीये. सकाळी इंजिन सुरू होताना खुर्चीतून पाठीत जी थरथर येते ती मला रोज हवी आहे. इतकं दुसरं काही मला कधी हवं नव्हतं.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. आज घाईघाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घ्यावं. कुणी? मीच.

खंडेनवमीला कंपनीत दोन्ही विमानांची पूजा असते आणि घरच्यांना पास मिळतो. अण्णा नवा फेटा बांधून आले. आमच्या घरात ट्रॅक्टरची पूजा त्यांच्याशिवाय कुणी करत नाही, तेव्हा विमानाची दुसऱ्या कुणी करावी हा प्रश्नच नव्हता. नारळ फोडला. पंख्याला झेंडूचा हार घातला आणि निघण्याआधी काढला. मग अण्णांनी नागोरावांकडून शिडी मागितली आणि पंखाखाली चढून जे जे पुढे आलेलं दिसलं त्याला हळदकुंकू लावलं. मी फोटो काढत होते. डोळे भरून आले होते. नंतर आई माझ्या कपाळाला कुंकू लावत बसली, मग पेढे, मग पिल्लं आली, पुन्हा तीन हजार, आणि उशीर झाला म्हणून आम्ही चढलो. विमानाभोवती फिरून तपासायची फेरी मी पूजेच्या आधी मारली होती. नंतर मारली नाही. हे ठळक लिहून ठेवते.

एकोणचाळिसावी फेरी. विमान धावायला लागलं. यात माझं काम एवढंच: माझ्या बाजूचा वेगाचा काटा हलला की "स्पीड आला" म्हणायचं.

काटा हलला नाही.

माझं बोट आपोआप काचेवर गेलं. टकटक केलं. काटा शून्यावर. धावपट्टी आता भराभर मागे जात होती. सर म्हणाले, "स्पीड?"

मान जरा डावीकडे वळवली असती तर सरांचा काटा दिसत होता, तो छान वर चढत होता. तो वाचून "आला" म्हणता आलं असतं. महिनाभर मी दुसरं काय करत होते? पण या वेळी करंगळीने ढकलायला दांडा नव्हता, बदलायला कागद नव्हता. बोटाने दुरुस्त होणारी ही गोष्टच नव्हती.

"पोकळे, स्पीड?"

"नाही, सर. थांबा."

आणि मग जोरात, "थांबा!"

सरांनी त्याच क्षणी पॉवर काढली, ब्रेक मारले. मागे पिल्लांनी एकच गिल्ला केला. थांबलो. पुढे भरपूर धावपट्टी उरली होती.

"का थांबायचं?"

"माझा काटा मेलाय, सर."

"माझा चालतोय."

"माझा नाही चालत. उडायचं नाही." हे मी म्हणाले. लेले सरांना. आवाज माझाच होता, मी नीट ऐकला.

सर म्हणाले, "बरं. नाही तर नाही." आणि टॉवरला कळवून विमान वळवलं.

परत जागेवर आलो. उजव्या पंखाखाली बोटाएवढी नळी असते, पुढे भोक, त्यातून हवा आत जाते आणि काट्याला वेग कळतो. नागोराव शिडीवर चढले, बघितलं, आणि वरच थांबले. भोक ओल्या कुंकवाने बुजलं होतं. वर एक अक्षत चिकटवलेली, अगदी मधोमध, मन लावून.

खाली अण्णा आरतीचं ताट धरून उभे होते.

नागोराव घाईघाईने म्हणाले, "साहेब, माझाच हात लागला असंल जी."

मला माहीत होतं काय करायचं असतं. गप्प बसायचं, नळी पुसायची, नागोरावांच्या नावावर जाऊ द्यायचं. आईनेही माझ्याकडे तशाच नजरेने बघितलं. पण तोंड एकदा उघडलं होतं ते मिटेना. "नाही, नागोराव. अण्णा, हे तुमचं बोट आहे. आणि पूजेनंतर पुन्हा बघायला हवं होतं ते मी बघितलं नाही. ती चूक माझी."

अण्णांचा चेहरा उतरला. सगळ्यांसमोर, नव्या फेट्यात. "ट्रॅक्टरच्या सायलेन्सरला लावतोच की आपुन," ते म्हणाले. मग हळू आवाजात, "इमान पडलं असतं का?"

सर म्हणाले, "नसतं पडलं, हिंमतराव. कुणीतरी बोललं की नाही पडत. पूजा उत्तम झाली. फक्त पुढच्या वर्षी त्याच्या नाकात बोट घालू नका." मग माझ्याकडे वळून, "फेरी मी पण मारली नाही. रिपोर्टात दोघांची नावं लिहा."

इंजिनिअरने नळी साफ करून तपासून दिली. मी विमानाभोवती दोन फेऱ्या मारल्या, सरांनी एक. तासाभराने निघालो, पिल्लं पोचली, परत आलो. चाळीस संपल्या. सर लाल वही खिशात घालून निघून गेले. रिपोर्टात माझं नाव आहे. सही आता कसली होतेय. पण गंमत म्हणजे मला रडू येत नाहीये. आतून नुसतं उकळल्यासारखं होतंय, हसू येतंय.

घरी आल्यावर अण्णा दारात चपला काढताना म्हणाले, "जल्मात पैल्यांदा मला चुकलास म्हन्लीस. ग्वाड न्हाई लागलं." चपला नीट एका रेषेत लावल्या. "पन बरं केलंस."

हे ऐकून आईला काय झालं कोण जाणे. तिने तिथेच उंबऱ्यात त्यांना मोटरचं सांगून टाकलं. एकतीस वर्षांचं. अण्णा आता टाकीपाशी जाऊन बसलेत. जेवायला यायला तयार नाहीत.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

ऑफिसात सगळे एकमेकांना सोनं देत होते. मी सरांना आपट्याचं पान दिलं, पाया पडले. त्यांनी माझी फाईल हातात दिली. "तुमचं सोनं आत आहे."

आत आपट्याचं पान होतं. त्याच्याखाली कालचा शेरा. चाळीस फेऱ्यांच्या पानांत पहिल्यांदा वेगळा.

"बोलतात."

आणि सही.

मी तिथेच उड्या मारल्या. खऱ्याखुऱ्या, दोन्ही पाय उचलून. सोनाली मॅडमनी माझी जुनी खुर्ची ओढत नेऊन गोदामात ठेवली. नागोराव म्हणाले, "काट्यावर या जी, पक्क्या पायलटचं वजन करू." साठ किलो. बदामाच्या डबीसकट.

फ्लेक्स दिवाळीपर्यंत राहणार. अण्णांनी खालचा गॉगलवाला खोडायला सांगितलाय.

१९ ऑक्टोबर, रविवार

नोंद करण्यासारखी गोष्ट. सही झाल्यापासून लेले सरांबरोबर अकरा फेऱ्या झाल्या आणि त्यांची एकही चूक नाही. आकडा बरोबर, फ्लॅप बरोबर, रस्ता बरोबर. ऐकूही उत्तम येतं, मी नुसती कुजबुजले तरी उत्तर देतात. आईला सांगितलं, बदामाने गुण आला. आई म्हणाली, आता अण्णांना सुरू करते.

२४ नोव्हेंबर, सोमवार

नवा मुलगा आलाय, तेजस. बिबवेवाडीचा. काट्यासारखा बारीक आणि भयंकर नम्र. लेले सरांकडेच चाळीस फेऱ्या. आज त्याच्या चार झाल्या. मी हुबळीहून परतले तर टपरीवर चहा घेत होता. इकडेतिकडे बघून म्हणाला, "ताई, एक विचारू? लेले सर जरा विसरतात का हो? आज उंचीच्या घड्याळात कालचाच आकडा ठेवला. मी गुपचूप बदलला. त्यांना कळलंसुद्धा नाही. खिडकीबाहेर बघत होते."

माझा चहाचा ग्लास ओठांपाशी थांबला.

कालचा आकडा. खिडकी. फ्लॅप दहावर. नांदेडचा कागद. लाल वही. काम चोख, बोलत नाहीत. सात फेऱ्या उरल्या आणि मला अजून तुमचा आवाज ऐकू आलेला नाही. आणि मी तीन आठवडे त्या माणसाला बदाम सोलून घातले. सातावरून नऊ. वरून कानात ओरडले.

पलीकडच्या बाकावर सर पाठमोरे बसून चहात खारी बुडवत होते. मला इतकं हसू फुटलं की चहा नाकातून आला. तेजस घाबरून रुमाल शोधायला लागला.

त्याला सांगावं असं एक क्षण मनात आलं. मग सोनाली मॅडमचं वाक्य आठवलं, सांगून आलं तर काय उपयोग. गेल्या दोन महिन्यांत मी बरंच बोलायला शिकलेय. गप्प केव्हा बसायचं ते आज पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीने ठरवलं.

"हो रे," मी म्हटलं. "वय झालंय त्यांचं. रोज बदाम आणत जा. रात्री भिजवायचे."

सरांनी मागे वळूनही बघितलं नाही. खारी संपवली, हात झटकले.

"सोलून आणायला सांगा, पोकळे," ते म्हणाले. "सालं दातात अडकतात."